छातीवरचा भार : एका रात्रीच्या भयाचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात एखादा शब्द आला की त्याचे मूळ विचारल्याशिवाय पुढे जात नसत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. मीही आयुष्यभर मराठीच शिकवली. त्यामुळे चिटणीसांनी विषय कळवायला सांगितले तेव्हा त्यांना संतवाङ्मय किंवा नवकाव्य अपेक्षित असावे. मी ‘छातीवर बसणारे भूत’ असे लिहून पाठवले. त्यांनी सौजन्याने काही विचारले नाही. पण मुद्रणालयात चूक तर झाली नाही ना, अशी शंका त्यांना आली असल्यास नवल नाही. चूक झालेली नाही. आजचा विषय भुताचाच आहे. पण मुख्यतः तो भुताला दिलेल्या नावाचा आणि त्या नावामुळे माणसांवर ओढवलेल्या प्रसंगांचा आहे.

प्रथम अनुभव काय असतो ते सांगतो. मनुष्य उताणा निजलेला असतो. पहाटेच्या सुमारास किंवा नुकता डोळा लागत असताना त्याला जाग येते. खोली दिसते, खिडकी दिसते, शेजारी निजलेल्याचा श्वास ऐकू येतो. पण हात हलत नाही, पाय हलत नाही, ओरडावे म्हटले तर घशातून आवाज फुटत नाही. खोलीत कोणीतरी आहे अशी खात्री वाटते. पावले वाजतात, दाराशी काळी आकृती दिसते, ती जवळ येते, छातीवर बसते आणि श्वास कोंडतो. काही सेकंद, फार तर काही मिनिटे हे चालते. मग एकाएकी बंधन सुटते आणि माणूस घामाघूम होऊन उठून बसतो.

१९७१ साली पुण्यात वसतिगृहात असताना, परीक्षेच्या जागरणानंतरच्या एका पहाटे मलाही हा अनुभव आला. माझ्या खोलीतील सोबत्याने सकाळी चहा पिता पिता, मागच्या पिंपळावरच्या मुंजाचे ते काम असल्याचा निर्वाळा दिला. असा अनुभव आपल्या समजुतीपेक्षा बराच सार्वत्रिक आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या देशांतील पस्तीस अभ्यास आणि छत्तीस हजारांहून अधिक माणसे विचारात घेतली होती. सर्वसामान्य लोकांत शंभरातील सुमारे आठ जणांना, तर विद्यार्थ्यांत शंभरातील अठ्ठावीस जणांना आयुष्यात एकदा तरी हे घडलेले आढळले. म्हणजे आजच्या या सभागृहातही हा अनुभव घेतलेली बरीच मंडळी बसलेली असणार. ती बोलत नाहीत, कारण बोलायचे कोणत्या शब्दात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. माझ्या मते सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली या प्रश्नातच आहे.

जगातील बहुतेक भाषांनी या अनुभवाला स्वतंत्र नाव दिले आहे. प्राचीन ग्रीक वैद्य त्याला ‘एफिआल्टीस’ म्हणत. अंगावर झेप घेणारा, असा त्याचा अर्थ लावला जाई. लॅटिनमध्ये ‘इन्क्युबस’, म्हणजे वर निजणारा. जुन्या नॉर्स भाषेत ‘मारा’ नावाची बाई रात्री येऊन माणसाला तुडवते. स्वीडनचा राजा वान्लांदी तिच्या तुडवण्याने मेला, अशी कथा आइसलंडमधील राजांच्या बखरीत आहे. हाच ‘मारा’ जुन्या इंग्रजीतही होता आणि त्यावरून ‘नाइटमेअर’ हा शब्द आला. फ्रेंच ‘कोशमार’ या शब्दाच्या शेवटीही तीच बाई आहे, आणि पहिल्या भागाचा अर्थ तुडवणे असा आहे. तुर्की लोक ‘काराबासान’ म्हणतात. काळा दाबणारा, हा त्याचा अर्थ. अरबी व फारसी वैद्यकात ‘काबूस’ हा शब्द आहे, तोही दाबण्याच्याच अर्थाचा. जपानी लोकांचा ‘कानाशिबारी’ म्हणजे धातूच्या साखळीने जखडणे. मूळ शब्द तेथील तांत्रिक बौद्ध पंथातील एका विधीचा. त्या विधीची देवता फुदो म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेला अचल. ‘मारा’ आणि बुद्धाला छळणारा ‘मार’ यांची सांगड घालण्याचा मोह आपल्याला होईल; पण केवळ ध्वनिसाम्यावर घर बांधू नये, हे आमच्या शास्त्राचे पहिले पथ्य आहे.

इंग्रजी ‘नाइटमेअर’चे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. त्यातील ‘मेअर’चा घोडीशी मुळात संबंध नाही, पण उच्चार सारखा झाल्याने लोकांना घोडी आठवू लागली. हेन्री फ्यूझेली या चित्रकाराने १७८१ साली काढलेल्या आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलेल्या प्रसिद्ध चित्रात निजलेल्या स्त्रीच्या छातीवर एक ठेंगणा पिशाच बसलेला आहे आणि पडद्याआडून घोड्याचे डोके डोकावते आहे. पुढे शब्दाचा अर्थ पातळ होत गेला आणि कोणत्याही वाईट स्वप्नाला ‘नाइटमेअर’ म्हणू लागले. आपण त्याचे भाषांतर ‘दुःस्वप्न’ असे करतो. पण मी वर्णिलेला प्रकार स्वप्न नव्हे. ज्याला तो घडतो त्याला आपण जागे आहोत हे पक्के ठाऊक असते. त्याची भीती एवढी खोल जाते ती याचमुळे.

आता आपल्याकडे वळू. मराठीत या घटनेला सर्वमान्य असे एकशब्दी नाव मला आढळले नाही. ‘छातीवर बसले’, ‘दाबले’, ‘बाहेरचे झाले’ असे वाक्प्रयोग आहेत. त्या वाक्यांना कर्ता लागतो. कोण बसले? कोणी दाबले? आणि कर्त्यांची मात्र आपल्याकडे वाण नाही.

या कर्त्यांची एक मोठी यादी आपल्यासमोर आहे, आणि ती तयार होण्यास शाळामास्तर कारणीभूत आहेत, हे या व्यासपीठावरून सांगताना मला विशेष समाधान वाटते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातील लोकसमजुतींची माहिती जमवण्यासाठी गावोगावच्या शिक्षकांकडे प्रश्नावली पाठवली होती. हेच ते जॅक्सन, ज्यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडून वध केला. त्यांच्या मागे राहिलेल्या या सामग्रीतून एन्थोवेन यांनी कोकणचा खंड १९१५ साली प्रसिद्ध केला. आपल्या बेळगावाहून आंबोलीचा घाट उतरला की जो मुलूख लागतो, त्या रत्नागिरीपासून कुलाबा-ठाण्यापर्यंतच्या मास्तरांनी आपापल्या गावची भुते त्यात नोंदवली आहेत. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेडा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ. शाळेच्या हजेरीपटासारखी ही नावे एकाखाली एक येतात.

हजेरीपट नीट वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंजीपूर्वी वारलेला मुलगा. जखीण म्हणजे नवरा हयात असताना गेलेली बाई. लावसट म्हणजे विधवेचे भूत. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली स्त्री. समंध म्हणजे वासना अपुरी राहिलेला, मागे पिंडदान करणारे कोणी नसलेला पुरुष. ज्यांचे आयुष्य अर्धवट तुटले, ज्यांना घराने किंवा समाजाने त्यांचे देणे दिले नाही, तीच माणसे मेल्यावर आपल्या छातीवर बसायला येतात, अशी ही समजूत आहे. तिच्यात भीती आहे, तशी कुठेतरी अपराधाची जाणीवही आहे. मेलेल्यांविषयी ही समजूत राहिली तोवर तिचे फारसे नुकसान नव्हते. नारळ दिला, नैवेद्य दाखवला, की हिशेब मिटे. कर्ता म्हणून जिवंत माणसाचे नाव पुढे येते तेव्हा मात्र परिस्थिती बदलते.

हे कसे घडते याचे सर्वांत सविस्तर लेखी पुरावे ज्या ठिकाणी उपलब्ध आहेत, ते ठिकाण आपल्यापासून फार दूर आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलम गावात १६९२ साली चेटकिणींवर खटले चालले. त्यांतील साक्षींची कागदपत्रे जपली गेली आणि छापली गेली आहेत. २ जून १६९२ रोजी ब्रिजेट बिशप या स्त्रीवर खटला उभा राहिला. तिच्याविरुद्ध रिचर्ड कोमन नावाच्या माणसाने शपथेवर सांगितले, की आठ वर्षांपूर्वी एका रात्री तो बायकोशेजारी निजला असता, दिवा जळत असताना, ही बाई आणखी दोघींसह खोलीत आली आणि त्याच्या छातीवर पडून तिने त्याला असे दडपले, की त्याला बोलता येईना, हलता येईना, खूप धडपडूनही बायकोला उठवता येईना. जॉन लाउडर नावाच्या दुसऱ्या साक्षीदाराने सांगितले, की मध्यरात्री छातीवर मोठा भार जाणवून तो जागा झाला, आणि लख्ख चांदण्यात हीच बाई आपल्या पोटावर बसलेली त्याला दिसली. तिने त्याचा गळा धरला आणि प्रतिकार करायला त्याच्या अंगात बळ उरले नाही.

ही वर्णने मी मघाशी सांगितलेल्या वर्णनाशी ताडून पाहावीत. निजलेली अवस्था, जागेपणाची खात्री, न हलणारे शरीर, न फुटणारा आवाज, छातीवरचा भार. एकही लक्षण कमी नाही. हे साक्षीदार खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. त्यांना जे जाणवले तेच त्यांनी सांगितले असावे. प्रश्न एवढाच, की त्या काळ्या आकृतीला ब्रिजेट बिशपचाच चेहरा का आला? उत्तर लाउडरच्या साक्षीतच आहे. ब्रिजेटच्या कोंबड्या तो राहत असलेल्या घराच्या बागेत शिरत आणि त्यावरून त्यांचे भांडण झाले होते. शेजारणीच्या कोंबड्या! आपल्या वाड्यांतून आणि गल्ल्यांतून याहून वेगळी भांडणे होतात काय? त्यातून ही बाई दोनदा विधवा होऊन तिसऱ्यांदा लग्न केलेली, आणि १६८० साली तिच्यावर एकदा चेटुकाचा आळ येऊन गेलेला. १० जून १६९२ रोजी तिला फाशी दिले. त्या वर्षी सेलममध्ये फाशी गेलेल्या एकोणीस जणांतील ती पहिली.

१९ जुलैला सुझॅना मार्टिन फाशी गेली. तिच्याविरुद्धही बर्नार्ड पीच नावाच्या माणसाची अशीच साक्ष होती : ती रात्री खिडकीतून आली, अंगावर पडून राहिली, आणि दीड-दोन तास त्याला हलता-बोलता आले नाही. जाइल्स कोरी या वृद्धाने न्यायालयापुढे आपण दोषी की निर्दोष हे सांगण्यास नकार दिला, म्हणून त्याच्या अंगावर जड दगड ठेवून त्याला दडपण्यात आले. त्यातच तो मेला. लोकांच्या छातीवर भुतांनी ठेवलेला भार कोणी मोजला नव्हता. कोरीच्या छातीवरचे दगड खरे होते आणि ते माणसांनी ठेवले होते.

त्या काळात याहून वेगळा विचार कोणाला सुचणेच शक्य नव्हते, असे म्हणता येत नाही. सेलमच्या अठ्ठावीस वर्षे आधी, १६६४ साली, उत्रेख्त येथील डच वैद्य इस्ब्रांड फान डीमरब्रूक यांच्याकडे पन्नाशीची एक धडधाकट बाई आली. रात्री निजताना कधी सैतान, कधी मोठा कुत्रा, कधी चोर छातीवर येऊन पडतो आणि आपल्याला हलता येत नाही, अशी तिची तक्रार होती. डीमरब्रूक यांनी ती आजार म्हणून टिपून ठेवली आणि तत्कालीन वैद्यकाप्रमाणे तिच्यावर उपचार केले. त्याच्याही कितीतरी शतके आधी ग्रीक-रोमन वैद्यांनी हा देवतेचा किंवा पिशाचाचा प्रकार नसून व्याधी आहे असे लिहिले होते. दहाव्या शतकातील फारसी वैद्य अल-अखवायनी यांनी ‘काबूस’चे कारण पोटातून मेंदूकडे चढणाऱ्या वाफांत शोधले. त्यांची कारणमीमांसा आज टिकत नाही. पण ‘हे कोणी केले?’ ऐवजी ‘हे कशाने झाले?’ असा प्रश्न त्यांनी विचारला, हे त्यांचे मोठेपण. उत्रेख्तच्या बाईला वैद्य भेटला, सेलमच्या पुरुषांना न्यायाधीश भेटले. अनुभव एकच असूनही एका ठिकाणी रुग्णाची नोंद झाली आणि दुसऱ्या ठिकाणी फाशीचा दोर तयार झाला.

सेलमला पुढे पश्चात्ताप झाला. ऑक्टोबर १६९२ मध्ये गव्हर्नर फिप्स यांनी ते विशेष न्यायालय बरखास्त केले. कोणाला कोणाची छाया दिसली, हा पुरावा नव्या न्यायालयाने मानला नाही, तेव्हा उरलेले बहुतेक आरोपी सुटले. १७११ साली अनेकांची शिक्षा रद्द ठरवून वारसांना भरपाई देण्यात आली. पण त्या यादीत ब्रिजेट बिशपचे नाव नव्हते. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिला नावानिशी निर्दोष ठरवले ते २००१ साली, तीनशे नऊ वर्षांनी.

आता आजचे ज्ञान काय सांगते ते थोडक्यात पाहू. १९५३ साली शिकागोत अझेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले, की झोपेत ठरावीक काळाने असा टप्पा येतो, ज्यात मिटल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलतात. आपली स्वप्ने मुख्यतः याच टप्प्यात पडतात. १९५९ साली फ्रान्समधील लियाँ येथे मिशेल जूवे यांना मांजरांवरील प्रयोगांत आढळले, की या टप्प्यात अंगाचे स्नायू पूर्ण सैल पडलेले असतात. ही निसर्गाची सोय आहे. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून खरोखरच धावत सुटला असता. डोळे आणि श्वासाचा मुख्य पडदा तेवढे चालू राहतात. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायूंची ही कुलपे उघडायला उशीर होतो. छातीच्या बरगड्यांचे स्नायू सैल असल्याने मनासारखा दीर्घ श्वास घेता येत नाही, आणि तोच भार वाटतो. भीती जागवणारे मेंदूचे भाग चेतलेले असतात, म्हणून खोलीत कोणी असल्याची खात्री वाटते. अर्धवट उरलेले स्वप्न त्याला रूप देते. ते रूप मात्र ज्याच्या त्याच्या गावचे असते. जागरण, झोपेच्या अनियमित वेळा, मनावरचा ताण आणि उताणे निजणे ही याची नेहमीची निमित्ते. वारंवार घडत असेल किंवा दिवसा अनावर झोप येत असेल तर वैद्याला जरूर दाखवावे; एरवी एकटदुकट प्रसंग निरुपद्रवी असतो.

लोककथांचे अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी न्यूफाउंडलंड बेटावरील ‘म्हातारी हडळ’ या समजुतीचा अभ्यास करून १९८२ साली ग्रंथ लिहिला. ज्यांनी ही कथा कधी ऐकलीच नव्हती त्यांनाही तोच अनुभव तसाच्या तसा आलेला त्यांना आढळला. म्हणजे आपले पूर्वज उगीच काहीबाही कल्पना करणारे भोळे लोक नव्हते. त्यांना खरोखरच काहीतरी जाणवत होते. ‘हे सगळे थोतांड आहे’ असे म्हणून घाबरलेल्याला गप्प बसवणारा सुशिक्षित मनुष्य म्हणूनच फारसा उपयोगी पडत नाही. घाबरलेला माणूस गप्प बसतो, आणि ज्याच्याकडे उत्तर आहे असे त्याला वाटते त्या देवऋषीकडे जातो.

तिथे काय होते, याचे एक उदाहरण माझ्या माहितीतले आहे. खानापूर तालुक्यातील माझ्या आजोळी एका तरुणाला हा त्रास वरचेवर होई. देवऋष्याने ‘घराच्या उगवतीला राहणारी’ एवढेच सांगितले. उगवतीला एकच घर होते, त्यात एक निपुत्रिक विधवा राही. तिला कोणी मारले नाही, कोणी हाकलले नाही, कुठे तक्रार झाली नाही. तिच्याकडचे ताक घेणे लोकांनी बंद केले. तिन्हीसांजेला ती वाटेवर दिसली की आया मुलांना घरात ओढून घेत. आम्ही मुले तिला काकी म्हणत असू, तेही थांबले. ती आणखी अकरा वर्षे जगली. या अकरा वर्षांची साक्ष कोणत्याही दप्तरात नाही, आणि तिला निर्दोष ठरवणारा ठराव कोणतेही विधिमंडळ करणार नाही; म्हणून आज ती या पुस्तिकेत नोंदवून ठेवतो.

कायदे झाले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत महाराष्ट्राने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे सांगून तिला त्रास देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. कर्नाटकानेही २०१७ साली अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला. आपण सीमेवरची माणसे. दोन्ही बाजूंचे कायदे आपल्या परिचयाचे आहेत. पण ताक न घेण्याविरुद्ध कलम लावता येत नाही. तिथे शाळेचे काम सुरू होते.

त्या कामासाठी शब्द हवा. ‘निद्रा-पक्षाघात’ असे भाषांतर वाचनात येते. १९२८ साली लंडनचे मेंदुतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी या घटनेला जे इंग्रजी नाव वापरले, त्याचे ते शब्दशः रूप आहे. मला ते पसंत नाही. पक्षाघात म्हणजे अंगाची एक बाजू जाणे. इथे तसे होत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवण्याचे काम मात्र तो शब्द करतो. आयुर्वेदात अवयव आखडण्याला ‘स्तंभ’ म्हणतात. ऊरुस्तंभ, मन्यास्तंभ हे शब्द जुने आहेत. त्याच धर्तीवर ‘निद्रास्तंभ’ म्हणावे, असे मी सुचवतो. याहून सोपा, बोलीतला शब्द कोणाला सुचल्यास मी आनंदाने माझा मागे घेईन. ‘मला काल निद्रास्तंभ झाला’ या वाक्यात कर्ता म्हणून कोणाला उभे करावे लागत नाही. घटनेला नाव मिळाले की शेजारणीचे नाव घेण्याची गरज उरत नाही, एवढेच मला आज सांगायचे होते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातल्या मास्तरांनी आपल्या गावची भुते इमानाने लिहून पाठवली. आजच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की परीक्षेच्या दिवसांत एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी ‘रात्री छातीवर कोणीतरी बसते’ असे सांगू लागली, तर हसू नये आणि रागावूही नये. आधी ऐकून घ्यावे, मग झोपेची ही गंमत समजावून द्यावी, जागरण कमी करून कुशीवर निजायला सांगावे, आणि तू एकटी नाहीस हे आवर्जून सांगावे. माजी विद्यार्थ्यांनी हेच आपापल्या घरी, विशेषतः वडीलधाऱ्यांपाशी, आदराने बोलावे.